बंडूच्या मागचं घर

भोरमध्ये कॅमेऱ्याबद्दल मत नसलेला माणूस शोधायचा, तर तो पाळण्यात शोधावा लागेल. राजवाड्यात आणि आसपासच्या घाटांत इतक्या वेळा शूटिंग होऊन गेलंय, की निम्मं गाव कधी भाला धरून तर कधी वरातीत नाचून पडद्यावर डोकावून आलंय. टपरीवर कुणी ‘लाइट गेला’ म्हणालं, तर तो विजेबद्दल बोलतोय की सूर्याबद्दल, हे इथं विचारून घ्यावं लागतं.

अशा जाणकार गावात, एसटी स्टँडाच्या शेजारी, फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे अंगात आत्मविश्वास पाहिजे. प्रशिककडं तो होता. शेजारच्या दोन दुकानांना उसना देऊन उरेल एवढा होता.

त्याचं नाव झालं होतं ते लग्नाच्या फोटोंवरून नव्हे, लग्नाआधीच्या फोटोवरून. बायोडाटाला लावायचा फोटो काढावा तर प्रशिकनंच, असं भोर-वेल्ह्यात ठरून गेलं होतं. एका हंगामात त्यानं फोटो काढलेल्या मुलींची लग्नं ओळीनं जमली. मुली शिकलेल्या होत्या, चांगल्या होत्या, दोघी-तिघींचं तर आधीच आपापलं जमलेलं होतं आणि फोटो घरच्यांच्या समाधानापुरता होता; पण श्रेय गेलं कॅमेऱ्याला. “त्या कॅमेऱ्याला गुण हाय,” असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आता सापडायचं नाही. अशी वाक्यं कुणी म्हणत नसतं, ती आपली निघतात.

तेव्हापासून लेकीला-लेकाला स्टुलावर बसवलं की आई कनवटीची पुडी सोडायची, हळदी-कुंकवात बोट बुडवायची आणि कॅमेऱ्याच्या कपाळाला लावायची. कॅमेऱ्याचं कपाळ नेमकं कुठं, याबद्दल प्रत्येकीचं मत वेगळं.

स्टुडिओत समोरच बाबासाहेबांची तसबीर होती, आणि प्रशिकला हे अजिबात पटत नव्हतं. “मावशी, यंत्र आहे ते,” तो दर वेळी सांगायचा.

“यंत्रालाच लावत्यात बाळा. ट्रॅक्टरला न्हाई का लावत?”

गिऱ्हाईक गेलं, की तो रंगाच्या ब्रशनं खाचांतली हळद झाडत बसायचा.

हळदीनं म्हणा, वयानं म्हणा, कॅमेऱ्याची बॉडी थकली होती. एक चाक फिरायचं बंद झालं होतं. कार्डाचं झाकण रबरबँडनं बांधलेलं होतं. बटण दाबल्यावर शटर आधी विचार करायचं आणि मग पडायचं. उजेड जरा कमी झाला की फोटोभर बारीक दाणे उमटायचे, आणि ते दाणे कॉम्प्युटरवर बसून निवडायचं काम प्रशिकच्या बायकोकडं, सारिकाकडं होतं.

“हा फोटो आहे का रवा?” ती पडद्याला डोळे लावून विचारायची. “हळदीच्या कार्यक्रमातून तर मी अख्ख्या आळीला शिरा वाढला असता.”

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं तोंडावर आली. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत एकच काहीतरी येणार होतं: नवी बॉडी, नाही तर नवी लेन्स.

“बॉडी,” सारिका म्हणाली.

“लेन्स,” प्रशिक म्हणाला. “बॉडीचं काय आहे, आज घेतली की दोन वर्षांत तिची धाकटी बहीण बाजारात येते, मग हिच्याकडं कुणी बघत नाही. लेन्स तशी नसते. लेन्स एकदा घरात आली की—”

“सासू.”

“जन्माची सोबत, असं म्हणणार होतो मी. आणि दुसरं सांग, बॉडी बदलली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? गुण त्या बॉडीत आहे.”

सारिकानं माउस खाली ठेवला. “तुम्ही मानता?”

“मी नाही मानत. गिऱ्हाईक मानतं.”

“म्हणजे हळद झाडताना विज्ञान, आणि खरेदीला निघालं की गुण.”

“मी लोकांच्या श्रद्धेचा आदर करतो,” प्रशिक म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच वापरत होता, त्यामुळं नव्या चपलेसारखं जरा चावलं.

तो पुण्याला गेला आणि लेन्स घेऊन आला. दुकानदार ओळखीचा होता. त्यानं सांगितलं, “महिनाभर वापरा. ओरखडा पडू देऊ नका. नाही पटली तर घेऊन या, वर थोडी भर घाला आणि बॉडी न्या.” म्हणजे परतीची वाट उघडी होती आणि सारिका त्या वाटेवर आधीच जाऊन उभी होती.

लेन्स मात्र देखणी. बुटकी, गरगरीत, पुढची काच आमटीच्या वाटीएवढी. लेन्सच्या आत एक भोक असतं. ते मोठं केलं की समोरचा माणूस तेवढा धारदार येतो आणि मागचं सगळं विरघळतं. बारीक केलं की पुढचं-मागचं सारखंच दिसतं, फक्त उजेड भरपूर लागतो. हिची सगळी किंमत त्या मोठ्या भोकाची होती. प्रशिकनं सारिकाला दुकानाच्या पायरीवर उभं करून पहिला फोटो काढला. मागं एसटी स्टँड, रसाचं गुऱ्हाळ आणि कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स. फोटोत त्या सगळ्याचं मऊ लोणी झालं होतं. नेत्याचा तर केशरी-हिरवा असा नुसता रंग उरला होता.

“फ्लेक्स गेला तेवढं बरं झालं,” सारिकानं कबूल केलं. “पण लग्न जमायला हे पुरत नाही. बंडूचं जमवून दाखवा.”

हे तिनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवून म्हटलं. बंडू हा प्रशिकच्या कॅमेऱ्यावरचा एकमेव डाग होता.

बंडू मार्गासनीचा. भातशेती, गोठ्यात म्हशी, घर स्वतःचं, व्यसन नाही, चौतिशी उलटलेली. बोलणी “मुलगा काय करतो?” या प्रश्नापर्यंत सुरळीत जायची. “शेती,” असं उत्तर गेलं, की पलीकडून “कळवतो” यायचं. आणि ‘कळवतो’ म्हणजे काय, हे वेल्ह्यात आता म्हशींनाही कळतं. प्रशिकनं त्याचा दोन वेळा स्टुडिओत फोटो काढला होता. मागं बर्फाच्या डोंगरांचा पडदा, पुढं भेदरलेला बंडू. दोन्ही वेळा काही झालं नाही. त्याची आई रतनबाई इतक्या भल्या, की त्यांनी कॅमेऱ्याला दोष दिला नाही. “तुमच्या कॅमेऱ्याचं काय न्हाई चुकलं भाऊ. आमच्याच नशिबात फिल्म न्हाई,” त्या म्हणाल्या होत्या.

आणि आता आंबवड्याहून निरोप आला होता. सुलक्षणा नावाची मुलगी. भोरमध्ये रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिनं घरी स्वच्छ सांगितलं होतं, “शेतकरी चालेल.” हे दोन शब्द आंबवड्यातून निघाले ते भोर, कापूरहोळ, कामथडी, नसरापूर करत एसटीच्या आधी मार्गासनीला पोचले. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. तिकडून फक्त मुलाचा नवा फोटो मागवला होता.

“ठरलं,” प्रशिक म्हणाला. “बंडूचं या लेन्सवर जमलं तर लेन्स राहील. नाही जमलं तर परत करून बॉडी आणतो.”

“शब्द?”

“शब्द.”

रतनबाईंनीच बोलावलं होतं, घरी येऊन फोटो काढा म्हणून. पोरगं स्टुलावर बसलं की भेदरतंय. प्रशिक गाडीवरून पोचला तेव्हा अंगण सारवून-सुरवून तयार होतं. रतनबाई ओट्यावर बसल्या होत्या. गणपतीत गोठ्यात घसरून त्यांचा उजवा हात मोडला होता. प्लॅस्टर निघालं होतं, पण मनगट अजून वळत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं पुडी सोडली आणि बोट कॅमेऱ्याजवळ नेऊन थांबवलं.

“हे फुडचं नवं हाय व्हय?”

“हो. लेन्स.”

“मग ह्याला लावू का मागल्याला?”

“मावशी, यंत्र आहे ते.”

“त्येच इचारतीया. गुण कंच्यात हाय?”

मग त्यांनी विचार करून मागल्यालाच लावलं. नव्याची अजून ओळख नव्हती.

बंडू घरातून आला. इस्त्रीचा शर्ट, भांग, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे.

“अरे, पावडर हाताला कशाला लावली?” प्रशिक म्हणाला.

“त्यो पावडर न्हाई लावत,” रतनबाई म्हणाल्या, आणि एकदम खोकल्या. “जा रं, हात धू.”

बंडू हात धुऊन आला तरी नखांत पांढरं राहिलंच. प्रशिकनं त्यावर व्यावसायिक तोडगा काढला: फोटो छातीपर्यंतच घ्यायचा. भोक पूर्ण उघडलं. बंडूला म्हशींबद्दल विचारलं, त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली, आणि शटर विचार करून पडलं.

फोटो असा आला, की मार्गासनीत चर्चा झाली. बंडूच्या भुवईचा एकेक केस मोजून घ्यावा, आणि मागं काय, तर सोनेरी-तपकिरी धुकं. घर नाही, गोठा नाही, काही नाही. बंडू ढगातून उतरल्यासारखा दिसत होता. “त्यो आपला बंडू?” म्हणून लोक मोबाईल बंडूच्या तोंडाशेजारी धरून खात्री करून घेत होते. प्रशिकनं फोटो आंबवड्याला पाठवला आणि दुकानदाराला फोन करून सांगितलं, की लेन्स परत येण्याची वाट बघू नका.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी रतनबाईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“भाऊ, आंबवड्याची लोकं म्हंत्यात, घर झाकलंय.”

“काय झाकलंय?”

“घर. फोटोत मागलं सगळं पुसलंय म्हंत्यात. असं काय हाय, की पुसावं लागलं? पडकं हाय का घर? आमी काय सांगावं?”

सारिकानं मोबाईलवर नव्या बॉडीचं चित्र काढलं आणि मोबाईल प्रशिकला दिसेल असा टेबलावर ठेवला.

“समजावून सांगितलं की कळेल त्यांना,” प्रशिक म्हणाला, आणि रविवारी सकाळी गाडी काढली. समजावून सांगण्याबद्दल त्याला फार खात्री होती. आतापर्यंत त्यानं ज्यांना-ज्यांना समजावलं होतं, ते सगळे शेवटी गप्प बसले होते.

आंबवड्यात सुलक्षणाचे वडील सावळाराम दारात सुपारी कातरत बसले होते. त्या घरात निर्णय त्यांच्या बहिणीचे असत आणि माना त्यांच्या. ही बहीण, बाळाबाई, फोटो वाचण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. मागं एकदा एका फोटोत मुलाच्या पाठीशी चारचाकी उभी होती. बाळाबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवून दिलं होतं, की गाडीच्या काचेवर शेजाऱ्याच्या दुकानाचं नाव आहे. ते स्थळ तिथंच आटोपलं.

“आत्या,” प्रशिकनं सुरुवात केली, “हे पुसलेलं नाही. ही लेन्सच तशी आहे. माणूस तेवढा ठळक, मागचं मऊ.”

“म्हंजी मागलं पुसायचं यंत्र इकत आणलं तुमी.”

“पुसायचं नाही हो. ते आपोआप होतं.”

“आपोआप?” बाळाबाईंनी सावळारामांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. “घर आपोआप जात असंल, तर पोरगी द्यायची कुठं?”

“आत्या, मोठ्या शहरांतले लोक मुद्दाम असे फोटो काढून घेतात.”

“त्यास्नी झाकायचं आसंल. एका खोलीत सात जण. आमाला घर बघायचंय.”

“मग घर बघायलाच या की एकदा.”

“तुमी ह्याच भागातलं ना?” बाळाबाई म्हणाल्या. “घर बघाय गेलं की गाव म्हंतं, निम्मं जमलं. मागनं न्हाई म्हणलं की पोरीला नाव. म्हनून तर फोटो मागावला. आन तुमी त्यातनं घरच काढून टाकलं.”

प्रशिकच्या लक्षात आलं, की आपण गप्प बसलोय. हा अनुभव नवा होता.

आतून सुलक्षणा आली. चष्मा, मोकळा चेहरा. तिनं आत्याच्या हातातला मोबाईल घेतला. “मी दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघते,” ती म्हणाली. “एकच पेशी स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर, असा नमुना आला तर आम्ही परत मागवतो. पुढचं-मागचं सगळं स्पष्ट, असा फोटो तुमच्याकडं निघतो का?”

“निघतो की. जुन्या लेन्सनं तसाच निघायचा.”

“मग नवी कशाला घेतली?”

प्रशिकनं सावळारामांकडं बघितलं. सावळारामांनी त्याला एक सुपारीचं खांड दिलं.

“तसा काढून आणा,” सुलक्षणा म्हणाली. “फक्त तिथं आधी सांगून जाऊ नका. सांगितलं की अंगणात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन उभा राहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक निघाला. जुनी लेन्स त्यानं मुद्दाम घरी ठेवली. पैज नव्या लेन्सवर होती, आणि भोक बारीक केलं की हीच लेन्स मागचं-पुढचं सगळं दाखवते, हे सारिकाच्याही लक्षात आलं नव्हतं. निदान असं त्याला वाटत होतं. “जुनी राहिली की इथं,” ती मागून म्हणाली, तेव्हा तो कोपऱ्यावरून वळला होता.

मार्गासनीत गाडी बांधावर लावून तो चालत अंगणात शिरला आणि थबकला.

अंगणातल्या चुलीपुढं बंडू बसला होता. बनियन, गुडघ्यावर फडकं, पुढं परात. हातावर भाकरी फिरत होती. थापटत, कड सारखी करत त्यानं ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि आधीची भाकरी निखाऱ्याला उभी केली. ती टम्म फुगली. शेजारी खाटेवर, उन्हात, रतनबाई बसून हुकूम सोडत होत्या. “कड जाड राहतीया. म्या सांगतीय त्ये आईक. तुझ्या बापाला जाड कड चालायची, बायकूला चालंल का?”

मग त्यांना प्रशिक दिसला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“ऊठ रं,” त्या म्हणाल्या. “भाऊ, हे कुणाला सांगू नगा. हात मोडल्यापासनं त्योच करतोय. म्या कुणाला कळू दिलं न्हाई. लोकं म्हंतील, बाई मिळंना म्हनून चूल फुंकतोय.”

त्या दिवशीच्या हातावरच्या पांढऱ्याचा उलगडा प्रशिकला आत्ता झाला. त्याच वेळी दुसरंही काही उलगडलं, आणि ते पचायला जड होतं: बाळाबाई बरोबर होत्या. घर झाकलेलंच होतं. झाकणाऱ्या रतनबाई, आणि त्यांना महागातलं झाकण पुरवणारा आपण.

“मावशी, आंबवड्याच्यांनी सांगून जाऊ नको म्हटलंय,” तो म्हणाला. “जसं असेल तसं पाहिजे त्यांना.”

“मग सांजचं काढा. म्हशीपाशी उभा करते त्येला. शर्ट घालून.”

“आई,” बंडू म्हणाला. भाकरीवरचं लक्ष न काढता म्हणाला, कारण ती करपायला आली होती. “ती हितं आली की दुसऱ्या दिशी चूल बघंलच की. तवा काय मागलं पुसणार? काढा भाऊ तुमी.”

रतनबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “माझं बी तोंड येनार व्हय त्यात?”

“सगळं येणार.”

“मग थांबा,” त्या म्हणाल्या, आणि डाव्या हातानं केस सारखे केले.

पेच वेगळाच निघाला. बंडू, चूल, आई, घर, गोठा एका फोटोत बसायचं, तर समोरचं थोडंच पकडणारी ही लेन्स घेऊन बरंच मागं जावं लागणार होतं. जुन्या लेन्सला जागच्या जागी बसलं असतं. प्रशिक मागं सरकत अंगणाच्या कडेला आला. नाही बसलं. बांधावर चढला. गोठा राहिला. मग तो भात काढून झालेल्या खाचरात उतरला. वरून वाळलेलं दिसणारं खाचर आतून वाळलेलं नव्हतं. घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून त्यानं भोक बारीक केलं. ऊन लख्ख होतं, म्हणून दाणे पडायची भीती नव्हती.

“हिकडं बघू का?” बंडू तिकडून ओरडला.

“नको. भाकरीकडं बघ.”

शटर पडलं.

त्या फोटोत सगळं होतं. नव्या कौलांत जुनी कौलं होती, न्हाणीला दार होतं, नळाला पाणी होतं, गोठ्यातली एक म्हैस थेट कॅमेऱ्याकडं बघत होती, दोरीवर रतनबाईंचं लुगडं आणि बंडूचे शर्ट शेजारी-शेजारी वाळत होते. आणि चुलीपुढं बंडू, दोन्ही हात पिठात.

बाळाबाईंनी तो फोटो दोन बोटांनी, गाव फिरावं तसा, फिरून बघितला. न्हाणीच्या दारापाशी थांबल्या, दाराला कडी आहे का ते बघितलं. कडी होती. म्हशीचे सड बघितले. मग चुलीवर आल्या आणि तिथंच राहिल्या.

“ही भाकरी फुगलीया,” त्या शेवटी म्हणाल्या.

सुलक्षणानं मोबाईल घेतला. “ही त्यांनीच थापलीय,” ती म्हणाली. “पीठ कोपरापर्यंत गेलंय. नुसतं फोटोसाठी बसवलं असतं तर बोटांना लागलं असतं.” मग म्हणाली, “आत्या, मला भाकरी येत नाही.”

“ठावं हाय मला. तुझ्या भाकरीवर मी महाराष्ट्राचा नकाशा बघितलाय,” बाळाबाई म्हणाल्या, आणि भावाकडं वळल्या. “आपन घर बघाय जाऊ.”

सावळारामांनी मान हलवली.

ते गेले. गावानं निम्मं जमलं असं धरलं. उरलेलं निम्मं बाळाबाईंनी बंडूची भाकरी आणि ठेचा खाऊन जमवलं. कड थोडी जाड होती, असं त्या म्हणाल्या. पण दुसरी मागून घेऊन म्हणाल्या. सुपारी फुटली.

प्रशिक त्या संध्याकाळी स्टुडिओत आला तो विजयी मुद्रेनं. “जमलं. या लेन्सवर.”

“ज्या मोठ्या भोकासाठी ती घेतली, ते बंद करून जमलं,” सारिका म्हणाली. “आणि ती घेऊन चिखलात जावं लागलं म्हणून जमलं. जुनी लेन्स असती तर अंगणातूनच निघाला असता.”

“पण पैज लेन्सवर होती. भोकावर नव्हती.”

सारिकानं यावर विचार केला. ती न्यायी बाई होती. “बरं,” ती म्हणाली. “राहू दे लेन्स.”

तो फोटो मग सगळीकडं फिरला. आणि भोर-वेल्ह्याच्या लोकांनी त्यातून जो अर्थ काढला, तो त्यांनीच काढावा. कामथडीहून एक आई लेकाला घेऊन आली ती सोबत परात, पीठ आणि गॅसची शेगडी बांधून. “त्यो मार्गासनीचा भाकरीचा फोटो, तसला काढा. भाकरी म्या घरनंच थापून आणलीया. ह्यानं नुसती धरायची.”

प्रशिकनं फोटो काढला. सारिकानं तो पडद्यावर मोठा केला आणि बोटांचे ठसे बघितले. “ही भाकरी बाईच्या हातची आहे,” ती म्हणाली. “बाळाबाई एका मिनिटात धरतील. चालायचं नाही.”

तेव्हापासून नियम झाला: मुलगा स्वतः भाकरी थापेल, ती फुगेल, मगच शटर पडेल. स्टुडिओच्या मागच्या मोकळ्या जागेत चूल आली. बर्फाच्या डोंगरांचा पडदा चुलीच्या झळीपासून वाचवायला घडी करून ठेवला. भोर-वेल्ह्यातले तिशी ओलांडलेले गडी रविवारी परात घेऊन रांगेत बसू लागले. पहिल्या दिवशी कुणाचीच फुगली नाही. “जा, आठ दिवस घरी सराव कर,” प्रशिक सांगायचा, आणि ते जाऊन खरंच करायचे. घरी आया खाटेवर बसून हुकूम सोडायच्या. कॅमेऱ्याला मात्र आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही. फुंकणीपाशी बसलेल्या लेकाचं कौतुक करता-करता हळदीची पुडी सोडायची राहूनच जायची.

हे सगळ्यात आधी सारिकाच्या लक्षात आलं. एका रविवारी ती दारात उभी राहून रांगेकडं बघत होती. एका आईला तिनं सहज विचारलं, “मावशी, कॅमेरा बदलला तर चालेल का हो तुम्हाला?”

“बदला की,” मावशी म्हणाल्या. “गुण भाकरीत हाय.”

सारिका आत आली. प्रशिक कॅमेऱ्याची बॉडी उलटी करून ब्रशनं खाचा झाडत होता. हळद नव्हती, आता पीठ निघत होतं. दुसरं चाकही फिरायचं थांबलं होतं.

“ऐकलं ना?” ती म्हणाली.

“ऐकलं.” तो ब्रश फिरवत राहिला. “पुढच्या तुळशीच्या लग्नाला बॉडी घेऊ. नक्की.” मग खिडकीतून त्यानं मागच्या चुलीकडं, रांगेकडं आणि भिंतीकडं पाहिलं. भिंतीला टेकून, गटाराच्या कडेवर उभं राहून फोटो काढताना परवा तो पडता-पडता वाचला होता. “फक्त एक बघ सारिका. गडी, चूल, आई, सगळं जागच्या जागी बसेल अशी एक रुंद लेन्स मिळते. बॉडीचं काय आहे, आज घेतली की दोन वर्षांत तिची धाकटी बहीण—”

सारिकानं त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, त्याच्या हातात परात दिली आणि चुलीकडं बोट दाखवलं.

“आधी एक भाकरी फुगवून दाखवा,” ती म्हणाली. “मग बोलू.”